घरचं गिऱ्हाईक

हुसेन आणि मसूदा बहारीनमधल्या हूरा वस्तीत राहायला आली तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघरात गॅस एकाच दुकानातून यायचा. दुकान नजीबभाईंचं, म्हणजे हुसेनच्या थोरल्या चुलतभावाचं. कुवेतची लढाई संपल्यावर नजीबभाईंनीच व्हिसा काढून हुसेनला रत्नागिरीहून बहारीनला आणलं होतं आणि ओळखीच्या एका अरब व्यापाऱ्याकडे क्लार्क म्हणून चिकटवलं होतं. मग गॅस दुसऱ्या कुणाकडून घेणार? सिलिंडरमागे पैसे नकोत, दरमहा ठरावीक रक्कम द्या, असं नजीबभाईंनीच ठरवलं आणि हुसेनने मान हलवली. त्यांच्यासमोर त्याला दुसरं काही जमतच नसे.

मसूदाला आधी त्यात वावगं वाटलं नाही. पण रक्कम वर्षागणिक वाढत गेली आणि सिलिंडर मात्र दहा फोन केल्याशिवाय येईना. दुकानातून एकच उत्तर मिळायचं, इंशाल्ला, संध्याकाळी. समोरच्या फ्लॅटमधल्या भागीरथाताईंचा नवरा यादवराव अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. त्यांच्याकडे माणसं तेवढीच, भाकऱ्याही तेवढ्याच. भागीरथाताई दुसऱ्या दुकानातून गॅस घ्यायच्या, सिलिंडर दारात आला की पैसे द्यायच्या आणि मसूदापेक्षा पुष्कळ कमी द्यायच्या. मसूदाने हे ऐकलं आणि गिळलं. घरातली गोष्ट होती.

त्या वर्षी दोघं दोन महिन्यांच्या लीव्हवर गावी जाऊन आली. घराला कुलूप होतं. परत आल्यावर नजीबभाईंनी त्या दोन महिन्यांचेही पैसे मागून घेतले. हुसेनने दिले आणि घरी येऊन सांगितलं तेसुद्धा पाठ फिरवून.

"तुम्ही बोलणार नसाल तर मी बोलते," मसूदा म्हणाली.

पुढच्या जुम्म्याला नजीबभाईंकडे जेवण होतं. हात धुवून सगळे बसले तेव्हा मसूदाने विषय काढला. आवाज चढवला नाही. इथून पुढे जेवढे सिलिंडर तेवढे पैसे घ्या, एवढंच म्हणाली. नजीबभाईंची बायको बिल्किस भांडी उचलता उचलता थांबली.

"हिशेब गिऱ्हाइकाशी करतात," नजीबभाई म्हणाले. "तुम्ही गिऱ्हाईक आहात का? घरचे आहात." मग हुसेनकडे बघून हसले. "बायकोला सांग, हिशेबच करायचा तर व्हिसापासून करू."

हुसेन गालिच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी भागीरथाताईंकडून नंबर घेऊन तिने त्यांच्या गॅसवाल्याला फोन केला.

त्याचा पिकअप येऊन गेला ही बातमी नजीबभाईंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. हूऱ्यात कुणाच्या जिन्यावर काय चढलं हे सगळ्यांना कळायचं. त्याच दुपारी हुसेन जेवायला घरी आला होता. शेगडीवर भात रटरटत होता, शेजारी सुरमईचं सालण होतं. नजीबभाई दार ढकलून सरळ आत आले. चपला काढल्या नाहीत, सलाम नाही. स्वयंपाकघरात वाकून त्यांनी नव्या सिलिंडरची चावी फिरवली. शेगडी विझली.

"रेग्युलेटर माझा आहे. नळी माझी आहे," ते म्हणाले आणि दोन्ही काढायला लागले.

"भात होऊ द्या, मग न्या," मसूदा म्हणाली.

"त्या गॅसवाल्याला सांग भात करायला." त्यांनी मान वर केली. "मी नसतो तर हा अजून गावात आंबे उतरवत असता. तू कुठे असतीस?"

मसूदाची कानशिलं तापली. तरी तिने शब्द तोलून टाकला. "व्हिसाचे उपकार मरेपर्यंत मानू, नजीबभाई. त्याची भरपाई गॅसमधून घेऊ नका."

नजीबभाई हुसेनकडे वळून म्हणाले, "आत्ताच्या आत्ता सांग. गॅस माझा राहणार की खलास?"

हुसेन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो आताही मान हलवणार, हे मसूदाने गृहीतच धरलं होतं. भावाला दुखवण्यापेक्षा बायकोला रडवणं त्याला नेहमीच सोपं गेलं होतं.

"रेग्युलेटर घेऊन जा," हुसेन म्हणाला. "नळीपण न्या. भात समोर भागीरथाताईंकडे होईल."

नजीबभाईंनी रबरी नळी हाताला गुंडाळली. जाताना दारात थुंकल्यासारखं केलं. मसूदाने पातेलं फडक्यात धरून उचललं आणि समोरची बेल दाबली. भागीरथाताईंनी स्वतःची कढई बाजूला केली.

त्यानंतर नजीबभाई हुसेनच्या मालकाला, त्या अरब व्यापाऱ्याला, भेटून आले. हुसेनचा व्हिसा रिन्यू होईपर्यंत नवरा-बायकोला धड झोप आली नाही. व्यापाऱ्याने कागदावर सही केली आणि भावाभावांचं भांडण माझ्या ऑफिसात नको, एवढंच हुसेनला बजावलं. जमातीत मात्र मसूदाचं नाव खराब झालं ते झालंच. बायका तिला बघून बोलणं बदलत.

नजीबभाईंच्या मुलीचा, हुदाचा निकाह ठरला तेव्हा फक्त हुसेनच्या नावाचं बोलावणं आलं. जाऊ का, असं त्याने विचारलं. मसूदाने त्याचा सदरा इस्त्री करून दिला. तिथे नजीबभाईंनी त्याचा सलाम घेतला नाही. पंगतीत कुणी त्याच्यासाठी सरकलं नाही, तो कडेला उभा राहिला आणि दुल्हा उठण्याआधी उपाशीच निघाला.

घरी आल्यावर त्याने टोपी खुंटीला अडकवली आणि ताट घेऊन बसला.

"बिर्याणी कशी होती?" मसूदाने विचारलं.

"वाढ," तो म्हणाला.