पायलच्या कानातला तुटका रेणू

मित्रांनो, मी एक जुना चिकट रेणू आहे. देऊळघाटच्या पायलच्या कानात, अगदी आतल्या खोलीत, माझा मुक्काम असतो. तिथे डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. त्यांना एकमेकांशी बांधून धरणं हे माझं काम. आवाज आला की केस हलतात, मी ताणला जातो आणि मेंदूला खबर मिळते. पायल आईच्या पोटात असतानाच मी कामावर रुजू झालो, आणि लगेच तुटलो.

दोष माझ्या साच्यात होता. एक साचा आईकडून येतो, एक बापाकडून. एक बिघडला तरी दुसऱ्यावर भागतं. पण पायलच्या आजीने, गोजरबाईंनी, मुलासाठी, म्हणजे भागवतसाठी, सख्ख्या भावाची मुलगी काजलच सून करून आणलेली. मामाची पोरगी, चौकशी कशाला? दोघांकडून एकच बिघडलेला साचा आला. आहेरच म्हणा ना.

पायल दहा महिन्यांची झाली तरी हाकेला वळेना.

"आत्याबाई, बुलढाण्याले नेऊन हिचे कान दाखवू का?" काजलने विचारलं.

"काऊन वं? घरात थाळी नाही का?"

आमच्याकडे बाळाचे कान थाळीवर तपासतात. गोजरबाई पायलच्या मागे उभ्या राहिल्या आणि लाटण्याने थाळी बडवू लागल्या. दारातल्या उन्हाने त्यांची सावली पोरीपुढे नाचली. हे कोण नाचतंय ते बघायला पायल वळली.

"पाय, कशी वळली! माह्यापेक्षा तिखट कान हायेत हिचे!"

पेढे वाटले. दवाखाना राहिला. कानातच असल्यामुळे तो सगळा आनंद माझ्यापर्यंत आला. पुढे गेला नाही, एवढंच.

चार वर्षं झाली, पायलच्या तोंडून शब्द नाही. बापावर गेली, तोही घुम्याच, असं ठरलं. शेवटी काजलने तिला एसटीत बसवलं. गोजरबाईही निघाल्या. यंत्र लावून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला जन्मापासून ऐकू येत नाही. वर्षाच्या आत आणली असती तर बोलायला शिकली असती. आता फार कठीण आहे."

मित्रांनो, बाळाचे कान यंत्रानेच तपासा, आणि लवकर. चिकटून राहायचं काम आम्हा रेणूंवर सोडा, सोयरीक जरा लांबची बघा.

परतीच्या गाडीत काजल रडू लागली. गोजरबाईंनी खणखणीत आवाजात धीर दिला, "रडू नको वं. माह्या लेकीचं पोट्टं हाय ना, त्यालेच देऊ पायल. घरची पोरगी घरात."

खिडकीशी बसून पायल हसत होती. तिचं लग्न ठरलं, ते तिला सोडून सगळ्या गाडीने ऐकलं.