मालीवानचा केशरी दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. आता फिका दिसतो, पण नवा असताना क्राबीच्या किनाऱ्यावरच्या चुनखडकाच्या कड्यावर माझा केशरी रंग पार खाडीतल्या होड्यांतून दिसायचा. हजारो बारीक धागे पिळून, त्यांवर घट्ट कवच विणून मला घडवलं होतं.

माझी मालकीण मालीवान किनाऱ्यावर मासे भाजून विकायची. मागच्या कड्यावर बाहेरून आलेले पाहुणे चढताना बघण्यात तिची उमर गेली होती. गावातली एकही बाई तो कडा चढली नव्हती. पन्नाशीला टेकल्यावर तिनं मला घरी आणलं, तेव्हा तिचा दीर खो-खो हसला.

"वहिनी, आधी धक्क्याची शिडी तरी चढून दाखवा!"

"दाखवते की. तोवर तू मासे साफ कर."

दुपारी गिऱ्हाईक नसलं, की तिचा सराव चाले. खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्यांमध्ये मला अडकवत ती वर जायची; नवरा प्रसित खाली उभा राहून माझं दुसरं टोक धरायचा. तिची बोटं सोलली, गुडघे फुटले. माथ्याजवळचा पुढे झुकलेला खडक मात्र तिला दर वेळी परत पाठवायचा.

एका दुपारी ती तिथवर पोहोचली आणि तिचा हात निसटला. ती कोसळली! खडकातल्या कडीपाशी मला जबर हिसका बसला. माझा धागा न् धागा ताणला गेला, पण मी तिला धरलं. ती अधांतरी झुलत राहिली.

"मालीवान, खाली घेऊ का गं?" प्रसित खालून ओरडला.

"खाली घ्याल तर रात्री उपाशी झोपाल! दोर आवळा!"

पकड निसटू नये म्हणून तिनं हातांना खडूची पूड फासली. झोका घेऊन वरून लोंबणारा दगडी खांब गुडघ्यांत आवळला, दम खाल्ला आणि अंग वर झोकून दिलं. शेवटच्या कडीत मी खट्कन अडकलो. ती माथ्यावर उभी राहिली, तेव्हा खाडीतल्या होड्यांनी भोंगे वाजवले. त्याहून मोठ्यानं दीर ओरडत होता, "आमची वहिनी आहे ती!"

दुसऱ्या दिवशी मला गोड्या पाण्यानं धुताना तिची बोटं एका जागी थबकली. कालच्या हिसक्यानं तिथे मी आतून पोचट झालो होतो.

"ह्याचं चढणं संपलं हो," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

आता मी प्रसितची होडी बांधून ठेवतो. मालीवान नव्या दोरावर गावातल्या बायकांना चढायला शिकवते. कधी वाटतं, आपणही वर असावं. पण त्या हसत उतरल्या, की मन भरतं.

मित्रांनो, दोराला बोलता येत नाही. त्याच्यावरचं खारं पाणी धुवा, त्याला उन्हात टाकू नका. आणि चढण्याआधी त्याच्यावरून सावकाश हात फिरवा. तो थकला असेल, तर तुमच्या बोटांना तेवढं कळू द्या.