एक हंडर वजनाचा जपानी

सप्टेंबरातल्या भर दुपारी दुबईच्या खाडीवर जो माणूस गळ्यापर्यंत बटणं लावून, जाड जाकीट घालून पळतो, तो एकतर येडा असतो, नाहीतर त्याच्या जाकिटात माल असतो. आम्हा दाभोळच्या लोकांना तिसरं काही सुचतच नाही.

सन पासष्टची गोष्ट. माझी लाँच 'मेहेरबान' दुबईतल्या देऱ्याच्या धक्क्याला उभी होती. जुनं इंजिन बाद झालेलं. नवीन जपानी डिझेल इंजिन घेतलं, आणि ते बसवायला कंपनीने मिस्त्रीही जपानीच पाठवला. त्याचं नाव त्सुबोई. ते आमच्या जिभेवर चढेना, म्हणून सगळे त्याला जपानीच म्हणायचे. वय तिशीच्या आसपास, उंची माझ्या खांद्याइतकी, नाक बसलेलं, एक कान चुरगळलेल्या कागदासारखा. कामाला मात्र एक नंबर. नट आवळताना डोळे मिटायचा, हाताने ऐकल्यासारखा.

पण वागणं? सकाळी काम, दुपारी ते जाकीट घालून पळायचं. परत आला की पाण्याचा एक घोट तोंडात घ्यायचा, खुळखुळवायचा आणि थुंकून टाकायचा. गिळायचा नाही. मग जायचा तो थेट हमदुल्लाच्या वखारीत.

हमदुल्ला माझा गाववाला. खजुराच्या वखारीत तोलण्याचं काम करायचा. मोठा टांगता काटा, एका बाजूला फळी, दुसऱ्या बाजूला वजनं. छप्पन रतलांची दोन लोखंडी वजनं, मिळून एकशे बारा रतल, म्हणजे बरोबर एक हंडर. हा जपानी जाकीट काढून, चड्डीवर त्या फळीवर बसायचा. रोज. आणि समोर रोज तीच दोन वजनं.

"खैरूभाई, हा रोज स्वतःला का तोलतो?" हमदुल्लाने एक दिवस मला विचारलं.

"तू काय म्हणालास त्याला?"

"मी चहा पुढे केला. त्याने हात जोडले आणि नको म्हणाला. दुधाचा चहा, वेलची घातलेला! असा माणूस मी अजून बघितला नाही."

"आणि काटा काय सांगतो?"

"पहिल्या दिवशी हा आठ रतल जास्त होता. आता तीन. माणूस कमी होत चाललाय, नाखवा."

मला धाकटा भाऊ हारुन आठवला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या लाँचमध्ये, तेलाच्या टाकीखाली, कुणीतरी सोनं ठेवलं. हारुन म्हणतो मला ठाऊक नव्हतं. असेल ठाऊक, नसेल. लाँच गेली आणि हारुन आत गेला. तेव्हा माझ्या बायकोने, मरियमबीने, माझा हात पोरीच्या डोक्यावर ठेवून, लाँचवर सोन्याचा कण चढू देणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली होती. मला सगळी दुनिया मिळून एक लाँच होती, दुसरी नव्हती.

आणि सोन्याचं जाकीट काय असतं ते आमच्याकडे बायकांनासुद्धा ठाऊक. आत कप्पेच कप्पे, कप्प्यात दहा-दहा तोळ्यांची बिस्किटं. शंभर बिस्किटं अंगावर घेतलेला माणूस खांदे मागे टाकून चालतो. पकडला जातो तो चालीवरून. म्हणून हुशार लोक आधी महिनाभर जड जाकीट घालून सराव करतात.

"हमदू, हा सराव करतोय," मी म्हणालो. "जेवढं अंग कमी, तेवढा माल जास्त. बाहेरून बघणाऱ्याला माणूस तेवढाच दिसतो."

हमदुल्लाने कपाळावर हात मारला. "आणि लाँच तुझी! इंजिनाचा पाया तोच बसवतोय ना?"

"तोच."

"मग तर झालंच."

त्या दिवसापासून मी त्याच्या पाठीवरची माशी झालो. त्याने लाकूड तासलं की मी भुसा बघायचो. बोल्ट घातला की भोक किती खोल ते काडी घालून मोजायचो. त्याला सगळं कळत होतं. एकदा त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि काडी धरायला बॅटरीचा उजेड दाखवला. मला वाटलं, बघा, किती पक्का चोर.

गुरुवारी दुपारी तो पळून आला, जाकीट इंजिनाच्या झाकणावर टाकलं आणि वखारीत गेला. मी शिडाचं कापड कापायची सुरी काढली. बिस्मिल्ला म्हणून जाकीट गळ्यापासून खालपर्यंत फाडलं.

आत कापूस निघाला. कापसाखाली ट्रकच्या ट्यूबचं रबर, हाताने शिवलेलं. बस्स. एक कप्पा होता, छातीपाशी. त्यात मेणकापडात गुंडाळलेला कागद. वर्तमानपत्राचा तुकडा, जपानी अक्षरं, आणि फोटो. फोटोत हाच, हातात मुठींचे ते फुगीर मोजे, उघडा, हसणारा. नाक तेव्हा सरळ होतं.

मी वळलो तर तो धक्क्यावरून लाँचवर यायच्या फळीवर उभा. मागे हमदुल्ला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने जाकिटाचे दोन तुकडे उचलले, जोडून बघितले, आणि खाली बसला.

"खलास," एवढंच म्हणाला.

मग पिशवीतून एक छापील कागद काढून हमदुल्लाच्या हातात दिला. हमदुल्ला इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचायचा. "शुक्रवारी... शारजा... बॉक्सिंग. कराचीचा चॅम्पियन आणि जपानचा... खैरूभाई, हा बॉक्सर आहे रे!"

"बॉक्सर? एवढासा?"

"फ्लाय," जपानी म्हणाला. बोटाने हवेत माशी उडवून दाखवली. "छोटा वेट. वन हंड्रेड ट्वेल्व पाउंड. ज्यादा, नो फाइट."

एकशे बारा पाउंड म्हणजे एकशे बारा रतल. एक हंडर. म्हणून ती दोन वजनं.

मग मोडक्या हिंदीत आणि बोटांवर त्याने सांगितलं ते असं. सतराव्या वर्षी सुरुवात. एकेचाळीस लढती, तीस जिंकल्या. नंबर वर वर गेला. शेवटी जपानच्या किताबाची लढत मिळाली, आणि त्या सकाळी काट्यावर हा अर्धा रतल जास्त भरला. दोन तास दिले, तरी उतरला नाही. किताब काट्यावरच गेला, ठोसा मारायच्या आधी. मॅनेजर सोडून गेला. मग इंजिनाची कंपनी. आता कराचीचा जहूर नावाचा एक माणूस शारजाला खेळ लावत होता. जो जिंकेल त्याला तो मोठ्या लढतीला मनिलाला नेणार. वय एकतीस. यानंतर कोण बोलावणार?

"आज किती भरला?" मी हमदुल्लाला विचारलं.

"दीड रतल जास्त."

"जॅकेट, रन, स्वेट, ओके," जपानी म्हणाला. "नो जॅकेट..." आणि हात उपडा केला.

मला माझीच लाज वाटली. पण लाजेने घाम येत नाही. मी म्हणालो, "चल, ऊठ. यल्ला!"

नवीन इंजिन चालू केलं. खालच्या खोलीत त्याला बसवलं, वरची झाकणं बंद, अंगावर माझी गोधडी, त्यावर शिडाचं कापड. आजारी माणसाला वाफारा देतात तसं. आणि मी समोर बसलो. एकट्याला कसं सोडणार? भोवळ आली तर? तासाभरात माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. हा मात्र गोधडीत बसून इंजिनाचा आवाज ऐकत होता. मधेच डोळा उघडून म्हणाला, "इंजिन गुड."

संध्याकाळी हमदुल्लाच्या फळीवर बसला. दांडी हलली, डुलली आणि सरळ उभी राहिली. हमदुल्ला नाचलाच.

शुक्रवारी सकाळी आम्ही वखारीत परत तोललं. दांडी सरळ. मग पिकअपमध्ये बसलो तेव्हा मी ती दोन्ही छप्पनची वजनं उचलून मागे टाकली.

"ती कशाला, नाखवा?" हमदुल्ला कळवळला. "शेठ विचारेल!"

"परक्याच्या काट्यावर मी खजुराची गोणी ठेवत नाही. माणूस कसा ठेवू?"

आमच्या धंद्यात असंच. माल दुसऱ्या बंदरात उतरवायचा तर वजनं आपली न्यायची.

शारजाला मैदानात दोरखंड बांधून चौकोन केला होता. जहूर पांढऱ्या बुटात. त्याचा चॅम्पियन, एक मकरानी पोरगा, चांगला होता, आम्हाला सलाम केला, काट्यावर चढला, पास झाला. काटा जहूरचाच, कराचीहून आणलेला, उभा राहायचा, काचेत सुई फिरणारा. जपानी चढला. सुई एकशे तेरावर.

"एक पाउंड ज़्यादा है," जहूर म्हणाला. लगेच. सुई थांबायच्या आधी. "मुक़ाबला नहीं होगा. हमारा लड़का जीता."

जपानीचा चेहरा काल जाकीट बघताना झाला होता तसाच झाला.

पण माझं डोकं फिरलं. सुई थांबायच्या आधी याला आकडा कसा दिसला?

"ठहरो सेठ," मी म्हणालो. आणि पिकअपमधून एकेक छप्पन आणून त्याच्या काट्यावर ठेवलं. पंच म्हणून एक गोरा सार्जंट होता. तो वाकला. लोखंडावर कोरलेले आकडे त्याने बोटाने वाचले, छप्पन आणि छप्पन, मग काचेत बघितलं. एकशे तेरा.

"यह लोहा खोटा होगा," जहूर म्हणाला.

"मग तुझी खरी वजनं आणून ठेव," मी मराठीतच म्हणालो, घाईत. हमदुल्लाने हिंदी केलं. सार्जंटने मात्र ऐकायची वाट बघितली नाही. काट्याखाली हात घालून त्याने एक स्क्रू फिरवला, सुई एकशे बारावर आली, मग जपानीला परत चढवलं. सुई तिथेच. मकरानी पोरगा स्वतःच्या मालकाकडे असा बघत होता की मला त्याचीच दया आली. तोही परत चढला. आता तो एकशे अकरा भरला. पहिल्यांदाही खराच होता तो, बिचारा.

जुम्म्याची नमाज झाली, असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजीनंतर लढत. सहा फेऱ्या. माझ्याने दोन फेऱ्यांच्या पुढे बघवलं नाही, मी वजनांवर बसून जमिनीकडे बघत राहिलो. हमदुल्लाच्या ओरडण्यावरून कळत होतं. शेवटी सार्जंटने त्सुबोईचा हात वर केला. डोळा सुजलेला, ओठ फाटलेला. तो दोराखालून थेट माझ्याकडे आला आणि माझ्या हातातली सुरई घेतली. या खेपेला थुंकला नाही. सगळी प्यायला.

जहूरला मनिलाचा शब्द सार्जंटसमोर द्यावा लागला.

शनिवारी सकाळी मी लवकर धक्क्यावर गेलो. खरं सांगतो, रात्री झोप लागली नव्हती. भला माणूस, सगळं कबूल. पण शपथ पोरीच्या डोक्यावरची होती, आणि हारुनलाही वाटलंच होतं ना, सगळे भले. मी खाली उतरलो आणि इंजिनाच्या पायाचे बोल्ट खोलायला बसलो. पहिला निघेना.

मागे पायरी वाजली. सुजल्या डोळ्याने त्सुबोई बघत होता. मी, हातात पाना, घामाने निथळतोय.

त्याने हत्यारांच्या पेटीत हात घातला, माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि बरोबर मापाचा दिला. मग माझ्यासमोर बसला आणि बॅटरीचा उजेड इंजिनाच्या पायावर धरला.