मास्तरीणबाईंची पांढरी वायर

थोरलीला एक खोड होती. दुसऱ्याने केलेलं ओबडधोबड काम दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. गिटारदुरुस्तीचं दुकान बाबांचं. पण बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून टेबल तिचं, सोल्डरिंगची कांडी तिची आणि बडबडही तिचीच. कामात मात्र नावं ठेवायला जागा नव्हती हं. तिने आत जोडणी केलेली गिटार उघडून बघावी, एक वायर वाकडी सापडायची नाही.

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास बाबा आत्याकडे तीन दिवस राहून परत आले. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आत हिने सुरू केलं.

"बाबा, मास्तरीणबाई येऊन गेल्या. गिटारचा जॅक तुटला होता, आवाजच येत नव्हता. आत्ता तासाभरापूर्वी घेऊन गेल्या."

मास्तरीणबाई म्हणजे गिटार शिकवणाऱ्या बाई, बाबांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. वय साठीला टेकलेलं, तरी एका बँडमध्ये अजून वाजवायच्या. त्यांच्या गिटारवर तारांचा आवाज उचलणारे दोन पिकअप होते, एक पुढे, एक मागे.

"मागचं झाकण उघडलं, तर आत नुसता उकिरडा. सोल्डरचे गोळेच्या गोळे. आणि दोन पिकअपपैकी पुढच्याच्या वायरी चक्क उलट. पांढरी स्विचला हवी, तिथे काळी. पांढरी बिचारी खाली आवाजाच्या बटणामागे, पॉटच्या पाठीवर. कोण्या आंधळ्याने केलं होतं, कोण जाणे. मी सगळं उचकटून सरळ करून दिलं."

बाबा खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले.

"तो आंधळा मी," ते म्हणाले.

थोरली आधी हसली. मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू तिथेच थांबलं.

"हात थरथरायला लागले त्याच वर्षीचं काम आहे ते," बाबा म्हणाले. "गोळे झाले, कबूल. पण वायर मी चुकून नाही, मुद्दाम उलट लावली होती. बाईंचे कान गेलेत, पोरी. सगळे नाही, जाड, खर्जातले सूर गेलेत. जाड सूर आला की त्यांच्या कानात नुसती घरघर होते आणि त्या घरघरीत बाकीचंही बुडून जातं. पुढचा पिकअप एकटा घुमतो, मागचा एकटा किंचाळतो. पण एकाची वायर उलटी करून दोन्ही एकदम लावले, की जाडपणा एकमेकांत मरतो आणि बारीक, नाकातला आवाज उरतो. तेवढाच त्यांना ऐकू येतो. सहा वर्षं त्या एकाच आवाजावर वाजवतायत."

"मग वहीत का नाही लिहिलंत?"

"कारण त्यांनी शपथ घातली होती. बँडमध्ये कुणाला माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तू तरी हात लावण्याआधी विचारायचंस ना."

विचारायचा प्रश्नच नव्हता. कारण बाईंनी सांगितलं होतं. गिटार देताना अगदी बजावून म्हणाल्या होत्या, "फक्त जॅक बदल. आत दुसरं काही करू नकोस." पण असं तर प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. हिने मान डोलावली होती आणि गिऱ्हाइकाला काय कळतं, असं मनात म्हटलं होतं. अतिशहाणपणा, दुसरं काय? नेताना बाई घाईत होत्या. त्यांनी एक तार छेडली, आवाज आला एवढं बघितलं आणि गेल्या.

"आज कुठे वाजवायचंय त्यांना?" बाबांनी विचारलं.

"तीन वाजता. सभागृहवाले बँड ऐकून वर्षभराचं काम देणार आहेत म्हणे."

बाबा खाली बसले. "त्यांच्या बँडचा तो ड्रमवाला गेले दोन महिने म्हणतोय, बाई आता थकल्या, दुसरं माणूस बघतो. आज त्याला आयतं निमित्त मिळेल."

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. फोनची घंटा तरी त्यांना ऐकू येते का, हा विचार तिच्या डोक्यात आयुष्यात पहिल्यांदा आला. इतकी वर्षं त्या दुकानात येत होत्या. ही बोलायला लागली की त्या तिच्या ओठांकडे बघत. हिला वाटायचं, बाई किती मन लावून ऐकतात.

कांडी, सोल्डर, स्क्रूड्रायव्हर, कटर. सगळं पिशवीत कोंबून तिने स्कूटर काढली. पहिल्याच सिग्नलला आठवलं, वायरची भेंडोळी राहिली. परत फिरावं का? वेळ नव्हता. पिकअपच्या वायरी तिने सरळ करताना छाटून नेटक्या केल्या होत्या, अगदी मापात. आता अदलाबदल करायची तर त्या पुरतील का, हाच प्रश्न. मेला तो नेटकेपणा, ती पुटपुटली. शेजारच्या गाडीतला माणूस तिच्याकडे बघायला लागला.

सभागृहात पोचली तेव्हा दोनला वीस मिनिटं कमी होती आणि स्टेजवर आवाज लावून बघणं चाललं होतं. तिसऱ्या रांगेत चौकड्यांच्या शर्टातला एक माणूस मांडीवर स्वतःची गिटार घेऊन बसला होता. तो कशासाठी आलाय, ते विचारायची गरज नव्हती.

स्टेजवर मास्तरीणबाई वाजवत होत्या. गिटारचा आवाज काय सुरेख येत होता. भरीव, गोल, उबदार. थोरलीच्या हातचं काम. आणि बाई ठेक्याच्या मागे पडत होत्या. थोडं नाही, चांगल्याच मागे. त्या डाव्या हाताच्या बोटांकडे बघत होत्या, ड्रमवाल्याच्या काठीकडे बघत होत्या, अँपकडे बघत होत्या. चेहरा पांढराफटक. मध्येच ड्रमवाला थांबला.

"बाई, लक्ष कुठे आहे आज?"

बाईंनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. "जरा बसते," म्हणाल्या, आणि गिटार घेऊन मागच्या खोलीत गेल्या. थोरली बाजूच्या दाराने तिथे पोचली. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. हिला बघून उठल्या नाहीत.

"तुला सांगितलं होतं मी," त्या म्हणाल्या.

"हो. सांगितलं होतं." तिने चेहरा त्यांच्यासमोर धरला, सावकाश बोलली. "बाबांनी मला आज सांगितलं. मी परत लावते. वीस मिनिटं द्या."

बाईंनी गिटार पुढे केली. त्यांचा हात गार होता.

आरशाखाली प्लग सापडला. कांडी लावली. आता ती तापेपर्यंत थांबा. कांडीला कुणाची घाई कळत नाही. चार स्क्रू काढून झाकण उघडलं, तर आत तिचंच देखणं काम. स्विचवरची पांढरी वायर पटकन सुटली. काळी मात्र पॉटच्या पाठीवर होती, जाड पत्र्यावर. कितीही उष्णता दिली तरी पत्रा ती पिऊन टाकत होता, सोल्डर वितळेना. तिने कांडी दाबून धरली. कपाळावरचा घाम टेबलावर पडला. स्वतःचीच जोडणी इतकी पक्की का केली, म्हणून ती स्वतःलाच शिव्या घालत होती. शेवटी काळी सुटली. आता ती स्विचपर्यंत पोचायला हवी. ओढली. बोटाच्या पेराएवढी कमी पडली.

थोरलीचे हात थरथरायला लागले. अगदी बाबांसारखे.

मग तिला मघाची सुटी केलेली पांढरी दिसली. पॉट जवळ होता, तिथपर्यंत जाऊन ती थोडी उरत होती. तिचंच टोक कापलं, सोललं आणि काळीला जोड दिला. जोडावर सोल्डरचा ओबडधोबड गोळा झाला. पांढरी पॉटच्या पाठीवर टेकवली. तिथे दुसरा गोळा. उकिरडाच झाला. झाकण लावताना दोन स्क्रू सांडले, ते शोधत बसली नाही.

तेवढ्यात दार उघडलं. ड्रमवाला आत आला, मागे तो चौकड्यांचा शर्ट.

"हे काय चाललंय?" त्याने विचारलं. मग बाईंकडे वळला. "बाई, खरं सांगा. झेपत नसेल तर तसं सांगा. तुम्हाला ऐकायला वगैरे त्रास होतोय का?"

बाई त्याच्या ओठांकडे बघत होत्या. त्यांना शब्द कळला होता. त्यांची मान खाली जायला लागली.

थोरली उठली. तिच्या कामावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि त्याचा तिला किती तोरा, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"त्यांचा काही दोष नाही," ती म्हणाली. "गिटार माझ्याकडे दुरुस्तीला होती. मी वायर चुकीची जोडली. वाजवणाऱ्याला ठेका धरता येणार नाही अशी गिटार मी त्यांच्या हातात दिली. आता नीट केलीय."

"चुकीची? तुम्ही?" ड्रमवाल्याने भुवया उंचावल्या. "अहो, पुढच्या आठवड्यात आमच्या तीन गिटारी तुमच्याकडे यायच्या होत्या."

"माहीत आहे."

"नको मग," तो म्हणाला. "दुसरीकडे बघतो. आणि इतरांनाही सांगतो."

"सांगा," थोरली म्हणाली.

तीन वाजता ती शेवटच्या रांगेत उभी होती. बाईंनी स्विच मधोमध, दोन्ही पिकअपवर ढकलला आणि पहिली तार छेडली. तो आवाज आला. बारीक, चिरका, सर्दी झालेल्या माणसासारखा. थोरलीच्या कानाला तो चुकलेलाच वाटला आणि मरेपर्यंत वाटत राहील. पण बाईंनी बोटांकडे बघणं सोडलं. काठीकडेही बघितलं नाही. डोळे मिटले आणि वाजवत सुटल्या, ठेक्यावर, जराही मागे नाही. चौकड्यांचा शर्ट गाणं संपायच्या आधीच गिटार खोळीत घालून निघून गेला.

थोरली दुकानात परतली तेव्हा बाबा टेबलाशी तसेच बसले होते.

"ऐकू आलं त्यांना?"

"आलं."

"आणि कुणाला काही कळलं का?"

"नाही." तिने पिशवी खाली ठेवली. "तीन गिटारी गेल्या बाबा. मला काम येत नाही, असं गावभर होईल आता."

बाबांनी मान हलवली. मग थरथरता हात पुढे केला.

"जोड कसा झाला, ते सांग."

"गोळा," थोरली म्हणाली, आणि रडायला लागली.