फुकटची जीप आणि न घेतलेलं नाव

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो, आणि वर फुकटात दिलेली. फुकटचं किती महाग पडतं ते घेणाऱ्याला मागाहून कळतं. मला आधीच ठाऊक होतं, पण जीपला कोण विचारतो?

माझी उमेदीची वर्षं लष्करात गेली. मोडीत निघाले तेव्हा पेन्शनीत आलेल्या आप्पासो सुभेदारांनी मला लिलावात घेतलं आणि कडेगावला आणलं. ते रोज सकाळी ओल्या फडक्यानं माझी काच पुसत. ते गेले आणि मी गोठ्यात गेले. उंदरांनी वायरी कुरतडल्या. एका कोंबडीनं मागच्या सीटवर पिल्लं काढली.

चौऱ्याहत्तर साली त्यांच्या पत्नी अंबूबाई यांचा एक डोळा मोतीबिंदूनं गेला आणि दुसरा जायला लागला. एस.टी.ची पायरी दिसली नाही, पडल्या, मनगट मोडलं. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. पण बाई हट्टी. पुतण्याला, जोतीरामला, म्हणाल्या, "जाईन तर ह्यांच्याच गाडीतनं. गाडी तुला दिली, फुकट. मला तेवढं मिरजंला ने."

जोतीराम हरखला. ते हरखणं आठवडाभर टिकलं. कार्बोरेटर साफ केला तर टाकी गळायला लागली. टाकीला साबण थापला तर ब्रेक लागेना, आणि लागला तर सुटेना. ढकलणारे दमले आणि टोमणे मारायला लागले, "जोत्या, गाडी तुला मिळाली का गाडीला तू मिळालास रं?"

शेवटी मी खोकत खोकत सुरू झाले, तर कागद आडवा आला. जोतीरामच्या नावावर झाल्याशिवाय मला रस्त्यावर काढता येईना. माझ्या कागदावर मालक 'आप्पासाहेब', मृत्यूच्या दाखल्यावर 'आप्पासो'. आमच्याकडं साहेबाचा सो आपोआप होतो. आर.टी.ओ. कचेरीच्या लेखी मात्र ही दोन माणसं झाली, एक मेलेलं आणि एक बेपत्ता! जोतीरामनं सांगलीला हेलपाटे घालून चपला झिजवल्या. तिथलं म्हणणं एकच, दोन्ही नावं एकाच माणसाची, हे बायकोनं स्वतः सांगावं.

ऑपरेशन परवावर आलं, तेव्हा कचेरीचे साहेब गाड्या तपासायला कडेगावातच आले. अंबूबाईंना माझ्याजवळ उभं केलं.

"बाई, गाडीचे मालक कोण?"

"आमच्या घरातलं."

"नाव सांगा."

"नाव कसं घ्यायचं?"

"अहो, आप्पासाहेब की आप्पासो, एवढंच तुमच्या तोंडून हवंय."

"आता तुमीच घेतलंसा की!"

माणसं खो खो हसली. जोतीरामनं कपाळाला हात लावला. "काकू, उखाण्यात तरी घ्या ओ!"

"लगीन लागलंय व्हय रं हितं, उखाणा घ्यायला?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. संपलं, मला वाटलं. परत गोठा, परत ती कोंबडी. आणि बाईंचा डोळा?

अंबूबाईंनी पदर पुढं ओढला. चाचपत माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"आप्पासो," त्या म्हणाल्या. "घरात आप्पासो, सरकारात आप्पासाहेब. मानूस एकच. माझा."

कुणी हसलं नाही. साहेबांनी टोपण काढलं, लिहून घेतलं आणि गाडी जोतीरामच्या नावावर केली.

मिरजेच्या वाटेवर माझा दुसरा गिअर पडेना, जोतीराम शिव्या घालत होता. तेवढ्यात मागून अंबूबाई म्हणाल्या, "आप्पासो, हळू हाणा." जोतीराम दचकला. पुढं पुलावर, "आप्पासो, गार वारं सुटलंय न्हवं?" चढावर, "आप्पासो, दमली बघा गाडी." संसारभर एकदाही न घेतलेलं नाव त्या वाटभर घेत राहिल्या. जोतीरामनं मग शिव्या थांबवल्या.

डोळा वाचला, मित्रांनो. तेव्हा माझं ऐका. गाडीला तेलपाणी वेळेवर करा. कागद मालक हयात असतानाच नीट करून घ्या. आणि कुणाला नावानं हाक मारायची असेल, तर ते माणूस 'ओ' द्यायला आहे तोवर मारा. मला भोंगा आहे, पण 'ओ' देता येत नाही. त्या दिवशी फार वाटलं, देता यावी.