दाढ माझी आहे

चाळिशीच्या भावाचा गाल दाढेने सुजला होता आणि ताईने त्याच्यासाठी पुन्हा रजा टाकली होती. आधी दोनदा तो दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतून उठून तडक घरी गेला होता. या वेळी साहेबांनी मान वर न करताच अर्जावर सही केली. ते तिला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

दवाखान्यात टीव्ही बोंबलत होता. भावाने कानांवर हात ठेवले. त्याला ऑटिझम आहे, हे काउंटरवर सांगून सांगून ताईच्या तोंडाला फेस आला होता.

"जरा आवाज कमी करता?"

"बाकीचे बघतायत ना, मॅडम."

"मी जिन्यात थांबतो," भाऊ म्हणाला. "नंबर आला की फोन कर."

"काही नको. गप बस इथेच. पुन्हा पळशील."

तो बसला. गुडघे हलत राहिले. समोरच्या बाईने आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. ताईच्या अंगाची लाही लाही झाली.

आत डॉक्टर, वयाने भावापेक्षा बरेच लहान, ताईकडे बघत म्हणाले, "कुठे दुखतंय बाळाला?"

"खाली, उजवीकडे," ताई सवयीने बोलून गेली.

"वर," भाऊ म्हणाला. "दाढ माझी आहे."

"हो, हो. मॅडम, झोप लागते का त्यांना?"

"त्यालाच विचारा की!" ताई इतक्या जोरात म्हणाली की तीच दचकली. आपणही आत्ता तेच केलं, हे कळूनही राग काही उतरेना.

मग डॉक्टरांनी त्याला विचारलं. तो अडखळत बोलला. दिवा डोळ्यांवर नको. हात लावायच्या आधी सांगा. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघत का होईना, पण ऐकलं. दाढेत तात्पुरतं औषध भरलं. बाकीचं पुढच्या आठवड्यात.

"कधीची वेळ देऊ, मॅडम?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

ताईने ओठ घट्ट मिटून भावाकडे बोट केलं. तो विचार करत राहिला. मागच्या माणसांची चुळबुळ सुरू झाली. उत्तर ताईच्या अगदी जिभेवर होतं.

"मंगळवार," तो म्हणाला.

"अरे, मंगळवारी आमच्याकडे माल येतो. मला सुट्टी मिळणार नाही."

"माहितीय. म्हणूनच. मी एकटा येईन."

"आणि उठून पळालास तर?"

"तर पळालो. तू कामावर असशील."

"कर तुला हवं ते!" ती फणकारली, पर्स उचलून दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. तो अजून काउंटरवरच होता. सकाळची वेळ घ्यावी की दुपारची, ते सावकाश ठरवत.