सुहासचा घास

जाईकाकीने सुहासला शाप दिला तो भर दुपारी, अंगणात, दोन कोंबड्यांच्या साक्षीने. "माझ्या बाबल्यानं लावलेला फणस तोडलास ना मेल्या? भाताचा घास तुझ्या गळ्याखाली उतरायचा नाही!" बाबल्या म्हणजे तिचा एकुलता एक, मुंबईला कामाला गेला आणि तिकडेच वारला. सुहासने फणस तोडला तो संडासाच्या टाकीसाठी, त्यामुळे बाजू मांडायचीही सोय नव्हती.

त्या दिवसापासून भात घशात अडकायला लागला. चपाती उतरायची, बिस्कीट उतरायचं, भात नाही. वर्षभरात सुहासची पँट सुतळीवर आली.

गुरवाने देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "ह्याची इडापिडा टळू दे रे महाराजा!" जमलेले सगळे "होय महाराजा" म्हणाले. भात अडकलाच.

रत्नागिरीच्या समुपदेशक अक्षया मॅडम म्हणाल्या, "हा शाप नाही, अपराधीपणा आहे. या रिकाम्या खुर्चीत काकी बसल्यात असं समजा आणि माफी मागा." सुहासने खुर्चीची माफी मागितली. खुर्चीने मनावर घेतलं नाही. "मग खऱ्या काकींकडे जा," मॅडम म्हणाल्या. गुरवही म्हणाला, "जिनं शब्द टाकला, तिनंच उचलायचा." दोघांचं एकमत झालेलं बघून सुहास खचला. शेवटी गेला.

काकी पडवीत बसली होती. वर्षभरात तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती.

"काकी गो, तुझा शब्द मागे घे."

"कसला शब्द?"

सुहासला अख्खा शाप म्हणून दाखवावा लागला. काकीने मन लावून ऐकला.

"कोणाला बोलले मी असं?"

"सुहासला."

"मग बरोबर बोलले. आहेच तो तसला. पण तू किती वाळलास रे बाबल्या! बस, भात कालवते."

सुहासने नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने घास भरवला. उतरला.

आता रोज संध्याकाळी तो तिच्याकडे जेवतो. घरी, सुहास म्हणून, अजून एक शीतही उतरत नाही. "मुंबईला परत कधी निघणार?" काकी विचारते. "नाही जात आता," तो सांगतो.

मग पहिला घास हातात धरून ती डोळे मिटते. "त्या सुहासच्या गळ्याखाली भात उतरू देऊ नको रे महाराजा!"

गाऱ्हाण्याला जबाब द्यायला कोणीतरी लागतं. घरात दुसरं माणूस नाही.

"होय महाराजा," सुहास म्हणतो, आणि तोंड उघडतो.